मटण कुठलं हो, दादा?

टीम लंच! हे दोन शब्द कानावर पडले की ऑफिसात पुढचा अर्धा तास कुणी काम करत नाही. कुणाला चायनीज हवं, कुणाला थाळी, कुणाचा सोमवार, कुणाचं डाएट. या गलक्यात एक जण मात्र शांत असतो. ‘तुम्ही ठरवा यार, मला काहीही चालेल,’ म्हणतो आणि हॉटेलात गेल्यावर मेन्यूकार्ड दोनदा उलटंपालटं करून पनीर नाहीतर दाल-राईस मागवतो. तो शाकाहारी नसतो. त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं असतं, की इथलं चिकन हलाल आहे का? पण आठ जणांसमोर वेटरला हे विचारायचं म्हणजे भलतंच ऑकवर्ड!

त्याचा संकोच आपल्याला दिसत नाही, हे एकवेळ समजू शकतं. पण हॉटेलवाल्याला तरी दिसायला हवा ना? त्याच्या तर गल्ल्याचा प्रश्न आहे.

मुंबईत मोहम्मद अली रोड, पुण्यात कोंढव्याचं कौसरबाग... रमजानच्या गर्दीचे हे पत्ते सगळ्या फुडींना पाठ आहेत. म्हणून मी मुद्दाम वेगळी वाट धरली आणि गेले जळोचीला. हे एकेकाळचं स्वतंत्र गाव आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आलंय. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या गाड्या बनतात, फेरेरोची चॉकलेटं बनतात, डेअरीचे मोठे प्रकल्प आहेत. म्हणजे बाहेरगावाहून आलेली, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी आणि रोज ‘आज कुठे जेवायचं?’ विचारणारी तरुण मंडळी इथेही आहेतच.

एकाचा नकार, आठांचं बिल

आधी साधा हिशेब मांडू. आठ जणांचा ग्रुप आहे, माणशी 300 रुपये धरले तर बिल होतं 2400 रुपयांचं. त्यातल्या एकाला जरी ‘तिथे माझं जमत नाही’ असं वाटलं, तर चांगले मित्र काय करतात? हॉटेल बदलतात. म्हणजे गिऱ्हाईक एक गेलं, पण टेबल आख्खं गेलं! महिन्यातून चारदा असं झालं तर 9600 रुपये दुसऱ्याच्या गल्ल्यात. आणि हॉटेलवाल्याला पत्ताही नाही, कारण न आलेलं गिऱ्हाईक तक्रार करत नाही.

2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्या साडेअकरा टक्के, म्हणजे सुमारे 1 कोटी 30 लाख. एवढ्या लोकांना ‘पनीर खा’ म्हणणं हा धंद्याच्या दृष्टीनेही शहाणपणा नाही.

पाटी तर आपल्याकडे आधीपासूनच आहे

‘छे, हॉटेलात धर्म कशाला आणायचा?’ असं म्हणणारे भेटतातच. त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावरून एक चक्कर मारावी. ‘येथे बोल्हाईचे मटण मिळेल’ ही पाटी दिसेलच. वाडेबोल्हाईची देवी ज्यांची श्रद्धा, ती कुटुंबं बोकडाचं मटण खात नाहीत, मेंढीचंच खातात. हॉटेलवाल्याने हे ओळखलं, पाटी लावली, गिऱ्हाईक जोडलं. जैन पावभाजी, चतुर्थीची उपवासाची थाळी हेही तेच. मग हलालची एक ओळ लिहिली तर नवल ते काय?

बरं, हा शब्दही इथल्या मातीला परका नाही. जुन्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता. जेम्स ग्रँट डफच्या 1826 सालच्या मराठ्यांच्या इतिहासात गावच्या बलुतेदारांमध्ये त्याची नोंद आहे. गावातलं बकरं कापणं हे त्याचं काम, आणि ते खाणारे बहुतेक हिंदूच! आजही बारामती-इंदापूर पट्ट्यात मुलाणी हे आडनाव ठायी ठायी भेटतं. थोडक्यात, आपल्या पणजोबांनी जत्रेत जे मटण चापलं, ते बहुधा हलालच होतं.

श्रावणात काय करता?

नॉनव्हेज हॉटेलवाल्यांचं दुखणं म्हणजे श्रावण. गटारीला उभं राहायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवसापासून मटणाचं पातेलं थंड! मग गणपती, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार... आचाऱ्याचा पगार मात्र बाराही महिने चालू. या दिवसांत मांसाहारी जेवणासाठी कोण येणार? ज्याचा श्रावण नाही तो. पण तो येईल कधी? एरवीही त्याला इथे निर्धास्त जेवता येत असेल तरच.

रमजानचं गणित बरोब्बर उलटं. दुपारी टेबलं रिकामी, सूर्यास्ताला एकदम झुंबड. रोजा सोडायची वेळ मिनिटावर ठरलेली, त्यामुळे ‘दहा मिनिटं थांबा साहेब’ हे चालत नाही. खजूर, पाणी, कापलेली फळं, गरम भजी असा छोटा इफ्तार बॉक्स आधीच भरून ठेवला, तर सेकंड शिफ्टवाल्याला तो कंपनीत घेऊन जाता येतो. पहाटे सहरीसाठी किचन उघडं ठेवलं, तर नाइट शिफ्टवरून सुटणारे बाकीचेही येतात. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा कॅलेंडरवर आधीच खूण केलेली बरी.

परमिट रूमचा अडथळा

प्रश्न फक्त मटणाचा नाही. हायवेवरची आपली हॉटेलं म्हणजे पुढे गार्डन, मागे परमिट रूम आणि मधे कुठेतरी ‘फॅमिली’ लिहिलेला पडदा. शेजारच्या टेबलावर बाटली उघडलेली असेल, तर बरीच मुस्लिम कुटुंबं आत पाऊलच टाकत नाहीत. पण खरं सांगा, आई-बाबांना घेऊन गेल्यावर तुम्हाला तरी ते आवडतं का? नीट वेगळा, बिनदारूचा फॅमिली सेक्शन केला तर सगळ्यांचीच सोय होते.

आणि ज्याला काहीच बदलायचं नाही त्याने इंदापूर तालुक्यातलं भिगवण पाहावं. उजनीच्या माशांवर तिथली हॉटेलं चालतात. माशाला हलाल कापणीची अट नाही, त्यामुळे तळलेल्या चिलापीवर कुणीही निवांत ताव मारावा! फक्त तो चिकनच्या तेलात तळलेला नको.

आणि वाद?

आहे. तो टाळून चालणार नाही. मार्च 2025 मध्ये राज्यात झटका मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा झाली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! शीख धर्मीयांना हलाल चालत नाही. हिंदू खाटीक बांधवांना आपला धंदा जाईल ही भीती आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. हॉटेलवालाही मनात म्हणतो, पाटी लावली आणि दुसरी गिऱ्हाइकं तुटली तर?

मला वाटतं, उत्तर पाटीच्या आकारात नाही, खरेपणात आहे. मोठा बोर्ड नकोच. विचारणाऱ्याला खरं सांगा, मग तो कुणीही असो. हलाल असेल तर हलाल, झटका असेल तर झटका. सगळ्यात वाईट उत्तर एकच: मटण कुठून येतं हे माहीत नसताना ‘हो हो, सगळं चालतंय’ म्हणून दिलेलं. गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा उडाला की कुठल्याही डिस्काउंटने परत येत नाही.

हॉटेलवाल्यांसाठी टिप्स

• मटण-चिकन ज्या दुकानातून येतं, तिथे कसं कापतात हे स्वतः पाहा. वेटरलाही सांगून ठेवा.
• मेन्यूकार्डावर छोटी, खरी ओळ पुरे.
• व्हेज, मासे आणि मटणाची कढई, तेल, पळी वेगळी ठेवा. शाकाहारी गिऱ्हाईकही दुवा देईल.
• पुडिंगमधलं जिलेटिन, सॉसमधली वाइन यांची माहिती आचाऱ्याला असू द्या.
• रमजानात इफ्तारची वेळ काउंटरवर लिहा.
• हात धुवायची स्वच्छ जागा ठेवा. जमलं तर नमाजपुरता एक कोपराही.

आणि तुमच्यासाठी?

एकच. पुढच्या टीम लंचला बुकिंगचा फोन तुम्ही कराल तेव्हा सहज विचारून टाका, ‘दादा, मटण हलाल आहे का हो?’ तुम्हाला ते विचारायला काहीच अवघड नाही. तुमच्या त्या गप्प बसणाऱ्या कलीगला मात्र त्या दिवशी पनीर खावं लागणार नाही. आणि असे दहा फोन आले ना, की हॉटेलवाला आपोआप कामाला लागेल!