पैसे दिसतात, निघत नाहीत

"दादा, पैसे कुठेही गेलेले नाहीत. फक्त ते हलवायला तुमच्याकडे टीआरएक्स नाही."

बाणेरमधल्या एका कार्यालयात हेडफोन लावून बसलेली सोलापूरकडची ही मुलगी दिवसभर हेच वाक्य बोलते. क्रिप्टो वॉलेट वापरणाऱ्यांच्या तक्रारी निस्तरणं हे तिचं काम. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला परदेशी गिऱ्हाइकानं व्हिडिओ एडिटिंगचे पैसे टोकनमध्ये दिले आणि खात्यावर दिसणारी ती रक्कम त्याला काही केल्या काढता येईना. म्हणून हे काम जवळून पाहायला मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

तक्रार उघडायची, व्यवहाराचा क्रमांक एक्सप्लोररवर, म्हणजे नेटवर्कवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकून पाहायचा, नेटवर्क कोणतं ते वाचायचं, उत्तर द्यायचं. एवढंच काम. वेळ जातो तो समजावण्यात.

मी बसले तेव्हा फोनवर असलेल्या सांगलीच्या माणसाकडे ट्रॉन नेटवर्कवर ४३ डॉलरचे यूएसडीटी होते. त्यानं विचारलं, "मग त्यातूनच कापून घ्या ना!" ती क्षणभर थांबली. या प्रश्नाला तिच्याकडे चांगलं उत्तर नाही, कारण प्रश्न अगदी रास्त आहे. यूएसडीटी हे ट्रॉनवरही चालणारं टोकन, पण ट्रॉनचं शुल्क भरायचं ते टीआरएक्स या वेगळ्या नाण्यात. ते नाणं शून्य असेल तर ४३ डॉलर असोत की ४३ हजार, जागचे हलत नाहीत. शिवाय ज्याला पाठवायचे त्याच्या पत्त्यावर यूएसडीटी अजिबात नसतील तर शुल्क जवळजवळ दुप्पट पडतं. हे पाठवणाऱ्याला आधी कोण सांगतं?

फोन ठेवल्यावर तिनं चाचणीसाठीच्या मोबाइलवर मला पडदा दाखवला. वर ठळक आकड्यात शिल्लक. खाली 'पाठवा' हे बटण फिकट पडलेलं आणि त्याच्याखाली बारीक लाल अक्षरांत एक ओळ: नेटवर्क शुल्कासाठी शिल्लक अपुरी. "ही ओळ कुणी वाचतच नाही," ती म्हणाली. "वाचली तरी वाटतं, शिल्लक तर आहे की!"

मग तिनं एकोणीस डॉलरची गोष्ट सांगितली. २०२१ साली ती नवीन असताना एका विद्यार्थ्यानं तक्रार केली होती. इथेरियमवर त्याचे ५० डॉलर होते आणि ते पाठवायला वॉलेट एकोणीस डॉलर मागत होतं. त्यानं लिहिलं होतं, "ताई, ही फसवणूक आहे का?" फसवणूक नव्हती. हिशेब मी तिथंच करून पाहिला. असं टोकन पाठवायला सुमारे ६५,००० गॅस लागतो; गॅस म्हणजे संगणकाला पडणाऱ्या कामाचं माप. गॅसचा दर १०० ग्वेई, म्हणजे ईथर या इथेरियमच्या नाण्याच्या अब्जाव्या भागाच्या शंभरपट, धरला तर ०.००६५ ईथर होतात. ईथर तेव्हा ३,००० डॉलरच्या आसपास होता. साडेएकोणीस डॉलर.

हे एकोणीस डॉलर माझ्या डोक्यातून जात नाहीत. कारण नेटवर्क रक्कम पाहत नाही, संगणकाला किती काम पडलं तेवढं मोजतं. त्या वेळी कुणी ५० लाख डॉलर पाठवले असते तरी शुल्क तेच, एकोणीस डॉलर. बड्या असामीला जे जाणवतही नाही, त्यात विद्यार्थ्याच्या कमाईचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग जातो. व्यवहार मध्येच फसला तरी वापरलेल्या गॅसचे पैसे परत मिळत नाहीत. बँका नाकारतात त्या गरिबांसाठी हे तंत्रज्ञान आहे, असं सांगणाऱ्यांनी या खुर्चीत एक दिवस बसावं.

परिस्थिती सुधारली आहे, हेही खरं. मार्च २०२४ मधल्या डेनकन सुधारणेनंतर इथेरियमच्या आधारानं चालणाऱ्या आर्बिट्रम, बेस अशा नेटवर्कवर शुल्क फार खाली आलं. पण नेटवर्क वाढली तसे घोळही वाढले. एकच यूएसडीटी अनेक नेटवर्कवर, बऱ्याच ठिकाणी पत्ता दिसायला तोच, आणि शुल्काचं नाणं मात्र अनेकदा वेगळं. मुंबईतल्या तरुणांनी २०१७ मध्ये मॅटिक नावानं सुरू केलेल्या पॉलिगॉनवर तर सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्काचं नाणंच मॅटिकऐवजी पीओएल झालं. तेव्हा काय झालं, असं विचारल्यावर तिनं फक्त कपाळाला हात लावला.

शुल्क टोकनमधूनच कापून घेण्याची सोय आता तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. इथेरियमवर त्यासाठीची ईआरसी-४३३७ ही रचना मार्च २०२३ पासून चालू आहे आणि मे २०२५ च्या पेक्ट्रा सुधारणेनं जुन्या खात्यांनाही ती वाट मोकळी केली. सांगलीच्या माणसानं मागितलं ते हेच. प्रत्येक वॉलेटनं ही सोय आधी द्यायला हवी होती, बाकीची चमकधमक नंतर.

तोवर कुणी मोबदला टोकनमध्ये देऊ केला, तर किती देणार एवढ्यावर थांबू नका. कोणत्या नेटवर्कवर देणार आणि तिथलं शुल्क कोणत्या नाण्यात भरावं लागतं, हे आधी विचारा. ते नाणं थोडं तरी हाताशी असल्याशिवाय होकार देऊ नका. आणि हेही लक्षात ठेवा: आपल्याकडे टोकन विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तो मोजताना खरेदीची किंमत तेवढी वजा होते, पाठवण्याचं शुल्क नाही.