विहिरीवरील यंत्राचा पासवर्ड

अलीकडे पुष्कळ बागाईतदारांच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर, गोठ्यांत कॅमेरा व द्राक्षमळ्यांत हवामानाची नोंद घेणारें यंत्र दिसूं लागलें आहे. रात्रीचें पाणी घरीं बसून देतां येतें, हा लाभ थोडा नव्हे. परंतु जें यंत्र आपल्या इशाऱ्यानें दुरून चालतें तें परक्याच्याहि इशाऱ्यानें चालूं शकेल, हा विचार खरेदीच्या वेळीं फारसा कोणी करीत नाहीं.

२०१६ सालीं अमेरिकेंत घडलेली हकीकत वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. ‘मिराई’ नांवाचा एक घातक प्रोग्राम इंटरनेटवर पसरला होता. सांपडेल त्या कॅमेऱ्यास, रेकॉर्डरास वा राउटरास तो कारखान्यानें घालून दिलेल्या नांव-पासवर्डांच्या साठएक जोड्या लावून पाही. धन्यानें पासवर्ड बदललेला नसला कीं दार उघडलेंच! अशीं लाखों यंत्रें त्याच्या ताब्यांत गेलीं. २१ ऑक्टोबर रोजीं त्यांपैकीं पुष्कळ यंत्रांनीं डाइन या कंपनीवर एकदम मागण्यांचा भडिमार केला. संकेतस्थळाच्या नांवावरून त्याचा पत्ता सांगणें हें तिचें काम. तें खोळंबतांच ट्विटर, नेटफ्लिक्स आदि संकेतस्थळें कित्येक तास लोकांस उघडेनात. कॅमेऱ्यांच्या धन्यांस याचा गंधहि नव्हता. यंत्र बंद करून पुन्हां चालूं केल्यास मिराई पुसली जाई. पण पासवर्ड तोच राहिला तर थोड्याच मिनिटांत परत येई.

साऱ्या गांवाची किल्ली एकच असलेलें कुलूप आपण विकत घेऊं काय? ब्रिटननें २९ एप्रिल २०२४ पासून अशा सामायिक, सहज ओळखतां येणाऱ्या पासवर्डाचीं यंत्रें विकण्यास कायद्यानें बंदी केली आहे. आपण मात्र दुकानांतच विचारून घ्यावें, आणि ज्याचा पासवर्ड बदलतां येत नाहीं तें यंत्र स्वस्त मिळालें तरी घेऊं नये.

कॅमेरा इंटरनेटवरून थेट उघडा ठेवूं नये. राउटरावर पाहुण्यांसाठीं निराळें वायफाय करतां येत असल्यास यंत्रें त्यावर जोडावीं, म्हणजे बँकेचे व्यवहार ज्यावर होतात त्या संगणकापासून तीं अलग राहतात. मोटार कोरडी चालूं न देणारें साधन पॅनेलांतच बसवावें; तें नेटवर्काच्या भरंवशावर ठेवणें आम्हांस धोक्याचें वाटतें. राहिला स्टार्टर. त्याचा मूळचा पिन बदलावा, व त्यांत नोंदलेले सर्व नंबर एकदां तपासावे. बसविणाऱ्या कारागिराचा किंवा काम सोडून गेलेल्या गड्याचा नंबर त्यांत राहिलेला असल्यास तो त्याच दिवशीं काढून टाकावा.