कृष्णाकाठची आकडेवारी

सांगलीत पुराची भाषा फुटांची आहे. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा व ४५ फुटांवर धोका मानला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सुमारे ५७ फुटांवर गेले.

हे पाणी बरेचसे सातारा जिल्ह्यातून येते. कृष्णा व कोयना यांचा संगम कराडला होतो. कृष्णा व भीमा खोऱ्यांत जलसंपदा विभागाने बसविलेली स्वयंचलित केंद्रे पाऊस व नदीची पातळी दूरसंदेशाने कळवितात. पाटणचे पाणी सांगलीस पोचण्याआधी त्याचा आकडा पोचतो.

तथापि, कोयनेतून किती क्युसेक सोडले, एवढ्याने व्यापाऱ्यास बोध होत नाही. आपल्या वखारीत पाणी शिरेल काय, हा त्याचा प्रश्न. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांतील हळद भिजली, हे पेठ विसरलेली नाही. म्हणून पातळीच्या आकड्यांस गल्लीनिहाय उंचसखलतेच्या नकाशाची जोड हवी. असे नकाशे, गोदामांसाठी सूचनासेवा, विम्यासाठी पूरनोंदी ही तंत्रशिक्षित स्थानिक तरुणांना व्यवसायाची नवी क्षेत्रे ठरू शकतात. नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी भिंतींवरील २०१९ च्या पूरखुणा, रंगरंगोटीत पुसल्या जाण्यापूर्वी, मोजून नोंदवाव्यात. नकाशा पडताळण्यास त्यांचाच आधार होईल.