नावातले एक अक्षर

वडगाव निंबाळकरात माणसाला सारे तोंडावरून ओळखतात; लष्कराच्या दप्तराला मात्र अक्षरच ओळखू येते.

१९४५ साली इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधवांचे आडनावसुद्धा इंग्रजीत वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेले आढळते. त्यांची कीर्ती त्याने उणावली नाही. पण साध्या शिपायामागे राहिलेल्या पत्नीची पेन्शन अशा एका अक्षरापायी अडू शकते.

मग करायचे काय? डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम म्हणजे पी.पी.ओ., आणि आधारकार्ड शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक दिसला, तर आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीचे ते बेळगावला आहे. सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांच्या नकला जोडा. मूळ बुक जपून ठेवा. नोंद सुधारली, की प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून दुरुस्तीचा हुकूम निघतो. अडलेच, तर पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

गुरुजी, गावातल्या जुन्या जवानाचा अर्ज तुम्ही लिहून द्या. तो हयात आहे तोवरच हे व्हावे. त्याच्यामागे हेलपाटे घालावे लागतात ते त्याच्या घरधनिणीला.