कानाची गाठ पुन्हा कापण्याआधी

मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब उरकला आणि आमच्या गटातल्या एका ताईंनी लेकीची ओढणी बाजूला केली. बुगडीसाठी कान टोचला होता, तिथं बोराएवढी गाठ. एका दवाखान्यात कापून घेतली, तर सहा महिन्यांत पहिल्यापेक्षा मोठी आली. आता पोरीसाठी स्थळं बघतायत. "पुन्हा कापू का?" असं त्या विचारत होत्या.

नुसती कापू नका. का ते सांगतो.

जखम भरताना आपलं शरीर कोलॅजन नावाचे धागे विणून कातडी सांधतं. सांधून झालं की हे काम थांबायला हवं. काहींचं थांबत नाही, मग वण फुगतो. जखमेच्या हद्दीतच फुगलेला वण बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतो. पण बांध ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत शिरतो, तो केलॉइड. खेकड्याच्या नांगीसारखा पसरतो म्हणून फ्रान्समधल्या आलिबेर नावाच्या डॉक्टरांनी दोनशे वर्षांपूर्वी त्याला हे नाव दिलं. तो खाजतो, ठणकतो, आणि आपोआप सहसा जात नाही. कान, छाती, खांदे या त्याच्या आवडीच्या जागा. टोचणं, भाजणं, छातीवरची पुळी, सिझरचे टाके, कशावरही येतो. आई-मावशीला असेल तर आपल्यालाही येण्याचा संभव जास्त. वयात येताना आणि गरोदरपणी वाढतो. ही करणी नाही, कॅन्सर नाही, आणि एकीचं दुसरीला लागतही नाही.

कापणं म्हणजे नवी जखमच. शरीर पुन्हा विणायला बसतं. नुसत्या कापलेल्या गाठींपैकी निम्म्याहून जास्त परत येतात. दोरा बांधणं, चुना लावणं यानंही तेच होतं.

उपचार आहेत, पण धीर लागतो. गाठीतच स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी, असं काही महिने. दुखतं, हे आधीच सांगून ठेवतो. कधी तिथली कातडी पांढुरकी किंवा पातळ पडते. गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. काही वेळा बर्फापेक्षा कितीतरी थंड वायूनं गाठ गोठवतात. कापायचीच ठरली, तर मागोमाग इंजेक्शनं, कानाला दाब देणारी क्लिप किंवा किरणोपचार हवेतच. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची पट्टी दिवसाचे बारा तास किंवा जास्त, दोन-तीन महिने लावली तर नवा वण फुगण्याचा धोका कमी होतो.

एक वेगळी गोष्ट. भाजल्याच्या जुन्या वणावर न भरणारी जखम झाली, रक्त येऊ लागलं, तर वाट बघू नका. तिथं क्वचित कॅन्सर होऊ शकतो.

आपल्या दौलताबादहून घाटी रुग्णालय लांब नाही. सकाळी केसपेपर काढून त्वचारोग विभागात जायचं. त्या ताई लेकीला घेऊन येत्या सोमवारी जातायत, आमच्यातली एकजण सोबत आहे. कुणाला यायचं असेल तर रविवारपर्यंत कळवा. आणि ज्यांचे वण फुगतात त्यांनी कुठल्याही ऑपरेशनआधी डॉक्टरांना तेवढं सांगायचं. बुगडीची हौस असेल तर दाबाची घ्या, बाजारात मिळते.