मीटर गेला म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा!

जुनी मोटारसायकल बाळगणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. "ॲव्हरेज किती देते?" हा पहिला आणि "विकायची आहे का?" हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर माझ्यापाशी तयार असते. पण पहिल्याचे द्यायचे, तर स्पीडोमीटर चालू हवा!

माझी बुलेट वडिलांनी १९८४ साली घेतलेली, साडेतीनशे सी.सी.ची. ही जात मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट आपल्याकडची झाली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, मद्रासची फटफट मात्र चालूच राहिली. पुण्याहून साताऱ्यावरून उंब्रजला वळायचे, पाटण, कोयनानगर मागे टाकायचे आणि कुंभार्ली घाटाने चिपळुणास उतरायचे, हा माझा लाडका प्रवास. अशाच एका खेपेस पाटणच्या पुढे काटा शून्यावर जाऊन बसला आणि त्याच्याखालचे किलोमीटरचे आकडेही थिजले.

काट्यावाचून फारसे अडत नाही. बुलेटच्या आवाजावरून वेगाचा अंदाज बांधता येतो. पंचाईत होते ती आकड्यांची. या गाडीला पेट्रोलचा काटा नाही. टाकी भरतानाचा आकडा ध्यानात ठेवायचा आणि त्यावरून पुढचा हिशेब करायचा. आकडे थांबले, की घाटात गाडी हलवून टाकीतली खळखळ ऐकत बसावे लागते! इंजिनातले तेल कधी बदलायचे, तेही हेच आकडे सांगतात.

चिपळुणात एका गॅरेजवाल्याने काचेवर टिचकी मारली आणि निकाल दिला, "मीटर गेला. नवा टाका."

नवा मीटर म्हणजे आकडे पुन्हा शून्यापासून. जुन्या मीटरवरचे पहिले बासष्ट हजार किलोमीटर वडिलांचे आहेत. ते पुसून टाकायला माझे मन धजेना. गाडी तशीच पुण्याला आणली.

आमचे म्हातारे मिस्त्री शांतपणे म्हणाले, "अहो, वरच्याला दोष देण्याआधी खालून निरोप येतोय का ते बघा!"

हा निरोप निघतो पुढच्या चाकापासून. हबपाशी एक छोटा डबा असतो. त्यातल्या कड्याचे दोन कान हबच्या खाचांत बसतात. चाकाबरोबर कडे फिरते, कड्याबरोबर दाते फिरतात आणि ते केबलच्या आतली पोलादी तार फिरवतात. तारेच्या दुसऱ्या टोकाला, मीटरमध्ये, एक चुंबक गरगरते. त्याच्याजवळ ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही. पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे स्थिरावतो, तो आपला वेग! ओटो शुल्झे या जर्मन गृहस्थाने १९०२ साली या युक्तीचे पेटंट मागितले होते.

मिस्त्रींची परीक्षा साधी. काटा पडला पण आकडे फिरतात, तर दोष मीटरमध्ये. काटा थरथरतो, तर केबल कोरडी पडली किंवा मुडपली. दोन्ही थांबले, तर आधी केबल आणि डबा पाहायचा. त्यांनी केबल मीटरपासून सोडवली, पुढचे चाक उचलून फिरवले. तार हलली नाही. मग ती बाहेर ओढली. ती अखंड होती. राहिला डबा. चाक उतरवल्यावर चोर सापडला: एक कान तुटलेला, दुसरा सपाट. महिन्यापूर्वी कोणी पंक्चर काढून चाक चढवताना कान खाचांत न बसवताच आस आवळला होता. महिनाभर ते बिचारे कसेबसे तग धरून होते.

नवे कडे मीटरच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत मिळाले. डबा रॉकेलने धुऊन त्यात ग्रीस भरले. तारेला मात्र ग्रीसचा पातळ हातच दिला आणि मीटरकडची चार बोटे कोरडी ठेवली. कारण फिरत्या तारेवरून ग्रीस वर चढते आणि मीटरमध्ये शिरून वाटी चिकटवते. आस आवळण्यापूर्वी डबा हाताने थोडा फिरवून कान खाचांत बसल्याची खात्री केली. केबलला मोठा बाक दिला. शेवटी चाक फिरवून तारेचे वरचे टोक फिरताना पाहिले आणि मगच ते मीटरला जोडले.

तेव्हा वाचकहो, पंक्चरवाल्याने पुढचे चाक चढवले, की पैसे देण्याआधी गाडी चार पावले चालवून काटा हलतो का ते पाहा. आणि मीटर बदला असे कोणी म्हटले, तर आधी चाकाकडे बोट दाखवा. माझा जुना मीटर अजून चालू आहे. वडिलांच्या बासष्ट हजारांत माझ्या किलोमीटरांची भर पडते आहे.