डिझेलने जिंकलेले चोवीस तास : ऑडी आर१० आणि तिचं इंजिन

आज एका शर्यतीच्या गाडीची आणि तिच्या इंजिनाची ओळख करून घेऊ. गाडीचं नाव ऑडी आर१० टीडीआय. फ्रान्समध्ये ल माँ इथे १९२३ पासून चोवीस तासांची मोटार शर्यत भरते. १७ आणि १८ जून २००६ रोजी झालेली ही शर्यत आर१० ने जिंकली. डिझेल गाडीने ल माँ जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

वाराणसीत बसून हा विषय का, असं कुणालाही वाटेल. पण हे शहर जसं घाटांचं आहे, तसंच ते डिझेल इंजिनांचंही आहे. १९६१ मध्ये इथे डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स उभं राहिलं. अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या सहकार्याने बांधलेलं इथलं पहिलं रेल्वे इंजिन ३ जानेवारी १९६४ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाला अर्पण झालं. कारखान्याचं नाव आता बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आहे, म्हणजे इथल्या बोलीत ‘बरेका’. पण जुने लोक अजून ‘डीएलडब्ल्यू’च म्हणतात. माझी नोकरी फौजेत, ट्रक आणि रणगाडे चालते ठेवण्यात गेली. त्यामुळे डिझेल म्हटलं की मला आधी ओझं आठवतं, वेग नाही. हे ओझेवालं इंजिन जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांना चोवीस तासांत भारी कसं पडलं, हा आजचा प्रश्न.

आधी डिझेलचं मूळ काम समजून घेऊ. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं मिश्रण दाबलं जातं आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथे नुसती हवा इतकी दाबतात की ती प्रचंड तापते. त्या तापलेल्या हवेत बारीक फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. जास्त दाबामुळे इंधनातल्या उष्णतेचा मोठा हिस्सा कामी येतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे चालवून दाखवलेल्या इंजिनाची कार्यक्षमता २६ टक्के होती, त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा कितीतरी वरची. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के जास्त ऊर्जा असते.

याची किंमतही मोजावी लागते. एवढा दाब सोसायचा तर इंजिन दणकट हवं, म्हणजे जड. आणि डिझेल जळायला थोडा अवकाश लागतो, म्हणून ते पेट्रोल इंजिनाइतकं भराभर फिरू शकत नाही. जड आणि संथ, शर्यतीत दोन्ही गोष्टी नकोशा. तरी प्रयत्न झाले. १९४९ मध्ये ल माँला एक डिझेल गाडी उतरली होती. १९५२ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत कमिन्सची डिझेल गाडी सर्वांत पुढच्या जागेवरून सुटली. पण हवा ओढणारं तिचं तोंड जमिनीलगत होतं. ट्रॅकवरचा टायरचा चुरा आत जाऊन टर्बो तुंबला आणि गाडी बाहेर पडली.

आता आर१० चं इंजिन पाहू. पाच पूर्णांक पाच लिटर, व्ही आकारात बारा सिलिंडर, दोन टर्बो. शक्ती ६५० अश्वशक्तीहून अधिक, टॉर्क ११०० न्यूटन-मीटरहून अधिक. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. जड चरक फिरवताना बैल लावतो तो जोर म्हणजे टॉर्क, आणि मिनिटाला किती फेरे होतात तो वेग. दोन्हींचा गुणाकार म्हणजे शक्ती. शर्यतीची पेट्रोल इंजिनं फेरे वाढवून शक्ती मिळवतात. या इंजिनाचं काम तीन ते पाच हजार फेऱ्यांतच भागत होतं, कारण जोर अफाट होता. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी सिलिंडरांचा मुख्य सांगाडा ओतीव लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा केला. इंधन १६०० बारहून अधिक दाबाने फवारलं जाई, म्हणून ते बारीक तुषारांत फुटून लवकर जळे. काजळी अडवायला धुराच्या वाटेत फिल्टर होते.

ओळखीच्या इंजिनांशी तुलना करू. आपल्या टी-७२ रणगाड्यातलं इंजिनही व्ही आकाराचं, बारा सिलिंडरचं डिझेल आहे. आकार जवळजवळ ३९ लिटर, शक्ती ७८० अश्वशक्ती. डीएलडब्ल्यूच्या पहिल्या रेल्वे इंजिनातलं सोळा सिलिंडरचं अल्को इंजिन सुमारे १७५ लिटरचं, शक्ती २६०० अश्वशक्ती. हिशेब केला तर लिटरमागे अल्कोची १५, टी-७२ ची २० आणि आर१० ची जवळपास १२० अश्वशक्ती येते. यावरून अल्को वाईट इंजिन ठरत नाही. ते मिनिटाला हजार फेऱ्यांपलीकडे जात नाही आणि त्याला वर्षानुवर्षं मालगाडी ओढायची असते. आर१० च्या इंजिनाला एका शर्यतीपुरतं जगायचं असतं. इंजिनाची पारख नेहमी त्याला दिलेल्या कामावरून करावी.

मग चोवीस तासांच्या शर्यतीचं काम नेमकं काय? दिलेल्या वेळात जास्तीत जास्त अंतर कापणं. म्हणजे गाडी किती वेगाने धावली याबरोबरच ती किती वेळ उभी राहिली, हेही मोजलं जातं. समजा, एक गाडी भरल्या टाकीत १३ फेऱ्या मारते आणि दुसरी १५. ३८० फेऱ्यांत पहिलीला २९ वेळा इंधनासाठी थांबावं लागेल, दुसरीला २५ वेळा. प्रत्येक थांब्याला एक मिनिट धरलं तरी चार मिनिटं वाचली. ल माँची एक फेरी तेव्हा १३.६५ किलोमीटरची होती आणि थांबे धरून तिला सरासरी पावणेचार मिनिटं लागत. म्हणजे धावताना काहीही न करता एक अख्खी फेरी पदरात पडली. २००६ मध्ये फ्रँक बीएला, इमानुएले पिरो आणि मार्को वर्नर यांच्या आर१० ने ३८० फेऱ्या पूर्ण केल्या, ५१८७ किलोमीटर. पेस्कारोलो संघाची पेट्रोल गाडी चार फेऱ्या मागे राहून दुसरी आली. ऑडीची दुसरी आर१० मात्र इंजेक्टरच्या दुरुस्तीत वेळ गेल्याने तिसरी आली.

पण इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ही लढत समान होती का? नियमांनी टर्बो डिझेलला साडेपाच लिटरपर्यंत मुभा दिली होती, टर्बो पेट्रोलला चार लिटरपर्यंतच. पेट्रोलवाल्यांनी कुरकूर केली आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. २००७ साठी आयोजकांनी डिझेल गाड्यांची टाकी ९० लिटरवरून ८१ लिटरवर आणली. एका टाकीत मिळणारा फायदा त्यांनी थेट टाकीतूनच कापला. तरीही २००७ मध्ये आर१० च जिंकली. २००८ मध्ये समोर प्युजोची डिझेल गाडी होती आणि पात्रता फेरीत ती फेरीमागे पाच सेकंदांहून अधिक वेगवान होती. एवढा फरक म्हणजे कागदावर शर्यत संपल्यासारखीच. पण रात्री पाऊस आला. क्रिस्टेन्सन, कापेल्लो आणि मॅकनिश यांनी आर१० चुकांविना चालवली आणि त्याच फेरीत, पाच मिनिटांहून कमी अंतराने जिंकली. त्या वर्षी टाकीचा फायदा नव्हता, वेगाचा तर नव्हताच. उरला होता तो फक्त सातत्याचा.

याच गाडीशी आपलाही संबंध आला होता. २००९ मध्ये कोलेस संघाने दोन आर१० उतरवल्या. त्यातल्या १४ क्रमांकाच्या गाडीच्या तीन चालकांपैकी एक होते नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमधले पहिले भारतीय. शर्यत सुरू होण्याच्या जरा आधी पिटची भिंत ओलांडताना ते पडले आणि खांदा निखळला. तीन माणसांचं काम आंद्रे लॉटरर आणि चार्ल्स झ्वोल्समन या दोघांनी वाटून घेतलं आणि गाडी सातवी आणली. फौजेत आम्ही म्हणायचो, मशीन थकत नाही, माणूस थकतो. त्या दिवशी दोन माणसांनी तिसऱ्याच्या वाटणीची झोप सोडली, म्हणून गाडी शेवटपर्यंत पोहोचली. ल माँमध्ये एका चालकाचं नाव घेऊन गाडी ओळखली जात नाही, त्याचं कारण हेच.

डिझेलचा काळ आता ओसरला आहे. २०१२ मध्ये ऑडीनेच डिझेलला विजेची जोड दिलेली गाडी आणून ल माँ जिंकली. २०१६ च्या हंगामानंतर कंपनी या शर्यतींतून बाहेर पडली. आणि इथे वाराणसीत २०१८ मध्ये दोन जुन्या डिझेल रेल्वे इंजिनांचं विजेच्या इंजिनांत रूपांतर झालं. आधी २६०० अश्वशक्तीचं असलेलं एकेक इंजिन ५००० अश्वशक्तीचं झालं. सांगाडा तोच, आतलं डिझेल काढलेलं. ज्या कारखान्याने डिझेल देशाला दिलं, त्यानेच ते उतरवून ठेवलं, यात मला विसंगती वाटत नाही. काम बदललं, मोजमाप बदललं, की इंजिनही बदलावं लागतं. २००६ मध्ये पेट्रोलवाल्यांनाही हेच शिकावं लागलं होतं.

पुढच्या वेळी मालगाडीचं डिझेल इंजिन धडधडत गेलं, तर थांबून जरा ऐका. आर१० मात्र इतकी शांत होती की चालकांना आवाजावरून गिअर बदलायची वेळ कळत नसे, समोरच्या दिव्यांकडे पाहावं लागे. घराणं एकच, फक्त प्रत्येकाचं काम वेगळं. जय हिंद.